वहीत लॉट नंबर लिहायचा असतो

सेल कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या कामाला, नवीन होते तेव्हा मला वाटायचं, पेशी मीडियावर वाढतात. तसं नाही. मीडियात साखर, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, क्षार असतात. म्हणजे ताट वाढलेलं असतं. पण दुप्पट व्हायचा निरोप पेशीला सिरममधून, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळ्या होणाऱ्या द्रवातून, मिळतो. आपण १० टक्के एफबीएस (फीटल बोव्हाइन सिरम) घालतो ना, गाईच्या गर्भाच्या रक्तातलं, त्यातच पीडीजीएफ, आयजीएफसारखे ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीचा निरोप देणारी प्रथिनं, असतात. शिवाय पेशी तळाला चिकटाव्यात म्हणून लागणारी प्रथिनंही त्यातच.

गंमत अशी की कुठला घटक किती, हे लॉटगणिक, म्हणजे एकत्र तयार झालेल्या बाटल्यांच्या खेपेगणिक, बदलतं. मला हे कळलं ते महिना वाया घालवून. पेशींची वाढ थांबवणाऱ्या औषधाचा प्रयोग चालू असताना सिरम संपलं, मी फ्रीझरमधली दुसरी बाटली काढली. तीन दिवसांत भरणारा फ्लास्क पाचव्या दिवशीही अर्धाच. मी खूश, औषध लागू पडलं! कंट्रोलचे, म्हणजे औषध न दिलेल्या पेशींचे, आकडे मात्र जुन्या बाटलीवरचे होते. सीनियर ताईंनी वही चाळली आणि एवढंच विचारलं, "अगं, लॉट नंबर कुठंय?"

तेव्हापासून नवा लॉट घ्यायच्या आधी नमुने मागवते, आपल्याच पेशी त्यावर दोन-तीन पॅसेज (फ्लास्क भरला की पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवणं) वाढवून बघते आणि पसंत पडलेल्या लॉटच्या वर्षभराच्या बाटल्या राखून ठेवायला सांगते. बाटली ४ अंशांवर रात्रभर वितळवायची, ५० मिलीच्या ट्यूबमध्ये वाटायची, पुन्हा गोठवायची नाही. त्यात पांढरे धागे दिसले तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारं प्रथिन, असतं. मी बुरशी समजून एक ट्यूब ओतून दिलीय. आणि ट्रिप्सिन (पेशी तळापासून सोडवणारं एन्झाइम) घालण्याआधी पेशी पीबीएसनं, म्हणजे क्षारांच्या द्रावणानं, नीट धुवा. उरलेलं सिरम ट्रिप्सिनला निकामी करतं, मग पेशी सुटत नाहीत आणि आपण फ्लास्क आपटत बसतो.

पुढे सिरमशिवाय काम करायची वेळ आली की इन्शुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम आणि ईजीएफ असे एकेक विकत आणावे लागतात. ईजीएफ म्हणजे ज्याच्या शोधासाठी स्टॅनली कोहेन यांना १९८६चं नोबेल मिळालं तो ग्रोथ फॅक्टर. हा ईजीएफ दिल्यावर उंदराच्या पिलांचे डोळे वेळेआधी उघडले होते. १०० मायक्रोग्रॅमची व्हायल रिकामीच दिसते, म्हणून उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यावी. मी सरळ उघडली. पावडर झाकणाला चिकटलेली असणार हे सुचेपर्यंत झाकण कचऱ्यात गेलं होतं.