गल्लीतला गरबा दरवर्षी टिकवायचा कसा (पाऊस, परवानगी, पैसे आणि रुसवेफुगवे धरून)

धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठल्याही कॉलनीत जाऊन विचारा, "आमच्याकडे पण व्हायचा गरबा, आता नाही होत" असं सांगणारं कोणीतरी भेटतंच. बंद का पडला विचारलं तर फार मोठं कारण काही निघत नाही. एका वर्षी पाऊस आला, पुढच्या वर्षी साउंडवाल्यानं ऐनवेळी टांग दिली, मग बॅनरवर कोणाचा फोटो मोठा यावरून दोघांचं वाजलं, आणि मीटिंगमध्ये कोणीतरी बोललं की या वर्षी राहू द्या भो, पुढच्या वर्षी जोरात करू. हे "पुढच्या वर्षी जोरात" ऐकू आलं ना की तिथंच उठून विरोध करा, कारण एक वर्ष खंड पडला की पोरं मोठ्या ग्राउंडवरच्या तिकीटवाल्या दांडियाला जायला लागतात, बाया घरात टीव्ही लावतात आणि साउंडवाला तुमच्या तारखा दुसऱ्याला देऊन टाकतो.

म्हणून माझं एकच म्हणणं, दिवस चुकवायचा नाही, बाकी वाट्टेल ते कमी करा. मंडप नसला चालेल, डीजे नसला चालेल, बक्षीसं तर नसलेलीच बरी, पण घटस्थापनेच्या संध्याकाळी देवीची आरती झाल्यावर चार बाया आणि चार पोरी फेर धरून फिरल्या पाहिजेत म्हणजे पाहिजेत. आपल्या खान्देशात हे अवघड नाही खरं तर. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जनाला बाया रस्त्यानं नाचत फुगड्या खेळत जातात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ऐन उन्हाळ्यात माहेरवाशिणी झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात, यातलं कशालाच कोणी इव्हेंटवाला लागत नाही. गरब्याला तेवढा लागतो असं आपणच ठरवून बसलोय.

आधी सगळ्यात छोटा कार्यक्रम ठरवा

गणपती उठायच्या आधीच बसा आणि एका कागदावर लिहा की काहीच जमलं नाही तरी काय होणार. आमच्याकडे ती यादी अशी आहे: घट, आरती, एक चार्जिंगवाला ट्रॉली स्पीकर, दोन फोकस, मोबाईलमध्ये डाउनलोड करून ठेवलेली गाणी (नेटवर भरवसा ठेवू नका, ऐन रंगात आलं की गोल गोल फिरतं), प्यायच्या पाण्याचे दोन जार. बस. हे कॉलनीतल्या कॉलनीत होतं. याच्यावर जे चढेल तो बोनस, म्हणजे वर्गणी चांगली आली तर मोठा साउंड, अजून आली तर मंडप. लोक उलटं करतात, आधी एलईडी वॉल ठरवतात आणि पैसे कमी पडले की सगळंच रद्द करतात.

पाऊस

नवरात्रात परतीचा पाऊस येणारच असं धरूनच चाला. आपली काळी माती, थोडा शिडकावा झाला तरी चप्पल सोडत नाही, गरबा कसला खेळता. त्या मातीवर लाकडाचा भुसा टाकू नका, त्याची लापशी होते आणि मग दोन दिवस कोणी पाय ठेवत नाही. आधी फावड्यानं कडेला चर काढून साचलेलं पाणी वाहतं करा, वरचा मऊ चिखल खरवडून बाजूला घ्या, मग मुरूम नाहीतर बारीक कच पसरा आणि तीन-चार पोरांना त्याच्यावर चालवून दाबून घ्या. मुरमाची एक ट्रॉली नवरात्राच्या आधीच कोपऱ्यात टाकून ठेवा, पावसात ट्रॅक्टरवाला फोन उचलत नाही. आणि मैदान नाहीच जमलं तर दुसरी जागा आधीच बोलून ठेवा, मंदिराचा सभामंडप, अपार्टमेंटची पार्किंग, कोणाच्या घरासमोरचा काँक्रीटचा रस्ता. पार्किंगमधल्या गाड्या संध्याकाळी सातला काढायला सांगणारा माणूस पण ठरलेला पाहिजे, नाहीतर गाड्या तिथंच आणि वाद सुरू.

वायरींबद्दल मात्र जरा पण कंजुषी नको. ओल्या जमिनीवर जॉइंट पडलेला दिसला की कार्यक्रम थांबवा, कोण काय बोलेल ते बोलू द्या. सगळे जॉइंट बांबूला डोक्याच्या वर बांधा, मेन बोर्डाला शॉक लागल्यावर लगेच ट्रिप होणारा ब्रेकर लावून घ्या, अर्थिंग चेक करा. खांबावर आकडा टाकू नका, महावितरण सणाला तात्पुरतं कनेक्शन देतं, अर्ज करायचा कंटाळा सोडला तर काही अवघड नाही.

साउंडवाला आणि गाणी

साउंडवाल्याला नुसता फोनवर "पक्कं ना भो" म्हणून सोडू नका. विसार ऑनलाइन द्या, मेसेजमध्ये तारखा, वेळ, किती टॉप किती बेस, जनरेटर त्याचा का आपला, सगळं लिहून पाठवा आणि त्याच्याकडून "हो" लिहून घ्या. तरी तो लग्नाच्या किंवा नेत्याच्या मोठ्या ऑर्डरसाठी तुम्हाला सोडू शकतो, तेव्हा रागावण्यात रात्र घालवू नका, ट्रॉली स्पीकर काढा. गावात बेंजोवाले, संबळवाले असतील तर त्यांच्याशी ओळख ठेवा, एखादी संध्याकाळ त्यांची ठेवली की लोक आपोआप जमतात आणि अहिराणी गाण्यावर तर आजीबाई पण उठतात. रेकॉर्डेड गाणी वाजवून तिकीट लावलं की गाण्यांच्या हक्काचं लायसन्स काढायची गोष्ट निघते, ते लक्षात असू द्या. बायांनी स्वतः म्हटलेल्या पारंपरिक गाण्याला तो ताप नाही.

परवानगी आणि शेजारी

पोलीस स्टेशनचा परवाना, जागा ज्याची असेल त्याचं पत्र, रस्ता अडणार असेल तर वाहतूक शाखेचं. अर्ज लवकर द्या आणि पोच घ्या. वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम ४१ क बघा, बहुतेक छोट्या मंडळांना हे माहितच नसतं. आवाजाचा नियम २००० सालचा आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देता येते, त्यातले नवरात्रातले कोणते ते जिल्हाधिकाऱ्यांची यादी बघूनच ठरवा, "सगळेच वाजवतात" हे उत्तर ठाण्यात चालत नाही. आणि राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, म्हणजे आपल्या साध्या बोलण्याच्या आसपासच. तक्रार झाली तर तुम्ही हरणारच, म्हणून तक्रार होऊच देऊ नका. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे, दहावी-बारावीचं पोरगं आहे, पेशंट आहे, त्यांच्याकडे आधी स्वतः जा, बॉक्सचं तोंड त्यांच्या घराकडे करू नका, आणि आरतीचा पहिला मान त्यांनाच द्या. अर्ध्या तक्रारी या आवाजाच्या नसतातच, "आम्हाला कोणी विचारलं नाही" याच्या असतात.

फेर रिकामा दिसतो तेव्हा

पहिल्या एक-दोन दिवशी कोणीच येत नाही, सगळे गॅलरीतून बघतात. हे सगळीकडे होतं, घाबरू नका. आपल्याकडे नवरात्र म्हणजे कापसाच्या वेचणीचे दिवस, पहाटे शेतात गेलेली बाई रात्री साडेनऊला सुरू होणाऱ्या गरब्याला येईलच कशी? आठला सुरू करा. सुरुवातीला फास्ट गाणं लावलं की जमणाऱ्या पोरी नाचतात आणि बाकीच्या अजूनच मागं सरकतात, त्यामुळं पहिला अर्धा तास साधी दोन ताळी, म्हणजे दोन टाळ्यांचा गरबा, हळू चालीवर. प्रत्येक कॉलनीत एक काकू असतात, कमरेला पदर खोचून मध्ये येतात आणि "चाल वं माय, बठी काय राहिनी" करत एकेकीला हाताला धरून ओढतात. त्या काकूंना शोधा, त्यांच्याशिवाय तुमचा साउंड काही कामाचा नाही. बाहेरची पोरं मोबाईल घेऊन पोरींचे व्हिडिओ काढताना दिसली तर पहिल्याच दिवशी थांबवा, एका मुलीच्या बापाला खटकलं की दुसऱ्या दिवशी दहा पोरी कमी होतात.

गल्लीत कोणी वारलं तर

हे कोणी आधी ठरवत नाही आणि मग ऐन वेळी भांडणं होतात. त्या दिवशी स्पीकर बंद, घटाची आरती तेवढी हळू आवाजात, विषय संपला. दुसऱ्या दिवसाचं त्या घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं, पण विचारायला पोरं पाठवू नका, आप्पा-नाना कोणी असतील त्यांना पाठवा. बऱ्याचदा तेच म्हणतात की देवीचं थांबवू नका. तरी त्यांच्या दारासमोर नाही, दुसऱ्या टोकाला, बिन-स्पीकरचा फेर, टाळ्यांवर. नाही म्हणाले तर फक्त आरती. २०२० ला सरकारनं गरब्याला बंदी घातली तेव्हा पण ज्यांनी आरती चालू ठेवली त्यांना परत सुरू करताना सोपं गेलं.

माणसं

एकट्या माणसाच्या डोक्यावर चाललेला गरबा त्याची बदली झाली की संपतो. प्रत्येक कामाला दोन जण, एक मोठा एक पोरगा नाहीतर पोरगी. बॅनरवर देवी आणि कॉलनीचं नाव, माणसांचे फोटो नाहीतच, पुढाऱ्यानं पैसे दिले तर पावती द्या आणि आरतीला बोलवा. रुसलेल्याला मनवायला ग्रुपवर लिहू नका, घरी जा, चहा प्या. आणि वर्षभर नुसतं नवरात्राची वाट बघत बसू नका, कोजागिरीचं दूध, आखाजीचा झोका, कानबाईची मिरवणूक, तीच माणसं तिथं पण दिसली पाहिजेत.

हिशोब ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका, वाचतं कोण. थंडीत वांगी चांगली आली की भरीत-पुरीचा बेत ठेवा, पोरं तुरीच्या काड्यांवर वांगी भाजत असतात तेवढ्या वेळात पावती पुस्तकं सगळ्यांसमोर ठेवा, उरलेला पैसा किती आणि कोणाकडे ते सांगा, आणि जेवायला बसायच्या आधी पुढच्या वर्षीचा साउंड कोण सांगणार आणि परवानगीला कोण जाणार त्यांची नावं त्याच वहीत लिहून घ्या, कारण जेवण झाल्यावर कोणी थांबत नाही.