क्रूझवरील रात्रीच्या जेवणासाठी कपड्यांची तयारी

क्रूझवरच्या रात्रीच्या जेवणाला काय घालावे, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. जहाज कोणत्या कंपनीचे आहे यावर ते ठरते, आणि म्हणून तयारीतले पहिले काम कपाट उघडण्याचे नसून त्या कंपनीच्या संकेतस्थळावरील ड्रेस कोडचे पान नीट वाचण्याचे आहे. दोन टोके पाहिली तरी फरकाचा अंदाज येतो. क्युनार्डच्या जहाजांवर संध्याकाळी ६ नंतर बहुतेक दालनांत नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो आणि प्रवासातल्या काही संध्याकाळी ‘गाला इव्हनिंग’ म्हणून राखून ठेवलेल्या असतात; क्वीन मेरी २ या जहाजाच्या साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशा ७ रात्रींच्या प्रवासात त्या सहसा दोन असतात आणि त्या दिवशी पुरुषांनी टक्सिडो (बो टायसह घालायचा काळा औपचारिक सूट) किंवा गडद सूट घालावा असा संकेत आहे. याउलट नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ सुरू केल्यापासून तिच्या जहाजांवर सक्तीची फॉर्मल रात्र नाही. नटावेसे वाटले तर नटावे, नाही तर नाही. बाकीच्या कंपन्या या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतात, आणि सजण्याच्या रात्रींना प्रत्येकीने आपापली नावे काढली आहेत. कार्निव्हल ‘क्रूझ एलिगंट’ म्हणते, सेलिब्रिटीने २०१५ मध्ये जुनी फॉर्मल रात्र मोडीत काढून ‘इव्हनिंग शिक’ आणली, तर व्हर्जिन व्हॉयेजेसच्या जहाजांवर ‘स्कार्लेट नाइट’ला सगळ्यांनी काहीतरी लाल घालायचे असते. नावावर जाऊ नये; त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेली चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या कपड्यांची यादी वाचावी. आपण त्याच कंपनीच्या जहाजाने पूर्वी प्रवास केला असला तरी ती पुन्हा वाचावी, कारण हे नियम अलीकडे वरचेवर सैल होत आले आहेत.

दुसरे काम प्रवासात कोणत्या प्रकारच्या किती संध्याकाळी आहेत ते मोजण्याचे. तीन ते पाच रात्रींच्या प्रवासात साधारण एक फॉर्मल रात्र असते, सात रात्रींच्या प्रवासात एक किंवा दोन, आणि दोन आठवड्यांच्या प्रवासात दोन-तीन. त्या बहुधा जहाज बंदराला न लागता दिवसभर समुद्रातच असते अशा दिवशी ठेवतात, कारण बंदर फिरून दमून आलेल्या माणसांना तासाभरात सजायला सांगणे कोणालाच रुचत नाही. पहिली आणि शेवटची रात्र मात्र जवळजवळ सर्वत्र साधी असते. या प्रथेचे मूळ जुन्या महासागरी जहाजांत आहे: पहिल्या संध्याकाळपर्यंत प्रवाशांच्या ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या संध्याकाळी त्या पुन्हा बांधलेल्या असत, त्यामुळे या दोन रात्री जेवणासाठी पोशाख बदलायचा नाही असा शिष्टाचारच होता. उरलेल्या रात्री मात्र पोशाखाचा थाट असे. १९३५ साली पहिल्या सफरीवर निघालेल्या नॉर्मंडी या फ्रेंच जहाजाच्या पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात पायऱ्या उतरून प्रवेश करावा लागे, म्हणजे प्रत्येकाचा पोशाख साऱ्या दालनाच्या नजरेत भरायचाच. आजच्या फॉर्मल रात्री हा त्याच थाटाचा सौम्य अवशेष आहे. प्रवासाचा दिवसवार कार्यक्रम कंपनीच्या ॲपवर आधी दिसत असेल तर एका कागदावर प्रत्येक संध्याकाळसमोर तिचा प्रकार लिहून घ्यावा. थीमच्या रात्री, म्हणजे पांढऱ्या कपड्यांची, मुखवट्यांची वगैरे, त्याच कागदावर याव्यात. या कागदाशिवाय भरलेली बॅग हमखास जड होते.

जेवणाची वेळ हीदेखील कपड्यांचीच बाब आहे, हे बुकिंग करताना फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. ठरावीक वेळेच्या पद्धतीत पहिली पंगत साडेपाच-सहाच्या सुमारास बसते आणि दुसरी आठ-साडेआठला. संध्याकाळी पाचपर्यंत किनाऱ्यावर हिंडायचे असेल तर पहिल्या पंगतीसाठी अंघोळ करून, केस सुकवून, कोट चढवून वेळेत पोहोचणे कठीण होते. एकाच केबिनमध्ये तिघे-चौघे असतील आणि न्हाणीघर एकच असेल, तर अशांनी दुसरी पंगत घ्यावी किंवा हवे तेव्हा जेवण्याचा पर्याय निवडावा.

आता पुरुषांच्या फॉर्मल पोशाखाविषयी. टक्सिडो आधीपासून घरात असेल तर तो अवश्य न्यावा. नसेल तर केवळ एका-दोन संध्याकाळींसाठी विकत घेण्याचे कारण मला दिसत नाही. नेव्ही किंवा गडद राखाडी सूट, पांढरा शर्ट आणि साधा टाय एवढ्यावर जवळपास प्रत्येक जहाजाच्या मुख्य भोजनगृहात सन्मानाने प्रवेश मिळतो, आणि सुटाचा खरा फायदा दुसऱ्या दिवशी कळतो: तीच पँट निराळ्या शर्टाबरोबर आणि तोच कोट टायशिवाय आणखी दोन संध्याकाळी निभावून नेतो. टक्सिडोच्या पँटला बाजूने सॅटिनची पट्टी असल्याने ती दुसऱ्या कशाबरोबर जात नाही. टक्सिडो नेणाऱ्यांनी बो टाय, शर्टाची सुटी बटणे, कफलिंक आणि काळे बूट या चार गोष्टी एकाच पिशवीत घालून ती पिशवी कोटाच्याच हँगरला अडकवावी, कारण घरी राहून जातात त्या याच. बो टाय स्वतः बांधता येत नसेल तर तयार गाठीचा घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. काही कंपन्या टक्सिडो भाड्याने केबिनमध्ये पोहोचवतात, पण त्यासाठी मापे निघण्यापूर्वीच कळवावी लागतात. आपल्या देशाचा औपचारिक पोशाखही अनेक कंपन्या फॉर्मल म्हणून मान्य करतात. नियमांच्या पानावर तसा उल्लेख आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

स्त्रियांसाठी पायघोळ गाऊनच हवा असा समज अजून टिकून आहे, पण गुडघ्यापर्यंतचा कॉकटेल ड्रेस, चांगल्या कापडाचा पँटसूट किंवा लांब स्कर्टबरोबर उंची ब्लाउज हे सर्व फॉर्मल रात्रीला शोभते आणि खपते. कापड निवडताना सौंदर्याइतकाच विचार चुण्यांचा करावा. जर्सी, क्रेप आणि बारीक चुणीदार कापड बॅगेतून जसेच्या तसे बाहेर येते. लिनन आणि साधा रेशमी तागा मात्र इस्त्री मागतो, आणि केबिनमध्ये इस्त्री मिळत नाही. टिकल्यांच्या कामाचा पोशाख चुरगळत नाही, पण शेजारच्या कपड्यांचे धागे ओढतो, म्हणून तो उलटा करून वेगळ्या पिशवीत ठेवावा. लांब पोशाखाची उंची घरीच, प्रत्यक्ष घालायच्या चपला पायात घालून, जिना चढून-उतरून तपासावी. जहाजावर जेवायला जाताना एक-दोन मजले पायऱ्यांनी उतरणे सहज घडते, कारण जेवणाच्या वेळी लिफ्टसमोर गर्दी उसळते, आणि उतरता उतरता जहाज किंचित कलले तर पायात येणारा काठ भलताच महागात पडतो. पोशाखाला खिसा नसेल तर लहानशी पर्स हवी: केबिनचे दार उघडणारे आणि बारचे बिलही ज्यावर चढते ते कार्ड कायम जवळ लागते, शिवाय चष्मा आणि फोन आहेतच.

इतर संध्याकाळींसाठी बहुतेक जहाजांवर स्मार्ट कॅज्युअल पुरते. त्यात पुरुषांसाठी कॉलरचा शर्ट व लांब पँट, आणि स्त्रियांसाठी साधा ड्रेस किंवा पँट-टॉप असा अर्थ धरावा. पोहण्याचे कपडे, बिनबाह्यांचे बनियन, समुद्रकिनाऱ्यावरच्या रबरी चपला आणि क्रीडाटोपी यांना मुख्य भोजनगृहाच्या दारात सर्रास नकार मिळतो. हाफपँट आणि फाटक्या जीन्सबाबत नियम जहाजागणिक बदलतात. जादा पैसे भरून जेवायच्या खास रेस्टॉरंटचा नियम मुख्य भोजनगृहापेक्षा कडक असू शकतो, तेव्हा तिथले आरक्षण करतानाच तो विचारावा. पाच-सहा संध्याकाळींसाठी पाच-सहा जोड मुळीच लागत नाहीत. एकाच रंगसंगतीतल्या दोन पँट किंवा स्कर्ट आणि तीन-चार वरचे कपडे यांची अदलाबदल पुरेशी होते, आणि काल काय घातले होते हे पलीकडच्या टेबलावरच्या कोणालाही आठवत नाही.

थंडीचा विचार वेगळा करावा लागतो. बाहेर कितीही उकडत असले तरी भोजनगृहे आणि नाट्यगृहे वातानुकूलनाने गार ठेवलेली असतात, आणि जेवण दीड-दोन तास चालते. शाल, स्टोल किंवा पातळ कार्डिगन याद्यांच्या तळाशी लिहिले जाते, माझ्या मते ते पहिल्या तीन वस्तूंत हवे. जेवणानंतर उघड्या डेकवर फेरी मारायची तर वारा जोराचा असतो, तेव्हा स्टोलला पिन हवी आणि घेरदार स्कर्टचा मोह आवरावा. पादत्राणांत उंच टोकदार टाचा टाळून रुंद टाचेचे किंवा सपाट जोडे घ्यावेत. टोकदार टाचा गालिच्यावर रुततात, डेकच्या लाकडी फळ्यांच्या फटींत अडकतात, आणि डेकवर उघडणाऱ्या दारांना पाणी अडवण्यासाठी ठेवलेले उंच उंबरठे ओलांडताना पाय मुरगळतो.

बॅग भरताना इस्त्री आणि कपड्यांना वाफ देणारे यंत्र, दोन्ही घरीच ठेवावीत. आगीच्या धोक्यामुळे बहुतेक कंपन्यांनी त्यांवर बंदी घातली आहे, आणि सामान तपासताना सापडली तर ती काढून घेऊन प्रवास संपल्यावरच परत देतात. काही जहाजांवर प्रवाशांसाठी लॉन्ड्रीची खोली असते व तिथे इस्त्री मिळते. नसेल तर पैसे देऊन कपडे इस्त्रीला देता येतात, मात्र फॉर्मल रात्रीच्या दिवशी सगळेच देतात, तेव्हा आपले कपडे आदल्या दिवशीच द्यावेत. कोट भरण्याची रीत सोपी आहे: एक खांदा उलटा करून अस्तर बाहेर आणावे, दुसरा खांदा त्याच्या आत बसवावा, कॉलर सरळ करून कोट लांबीत दुमडावा आणि घडीत पातळ कागद किंवा ड्रायक्लीनिंगची प्लास्टिक पिशवी घालावी. केबिनमध्ये पाऊल टाकताच तो हँगरवर लावून न्हाणीघरात टांगावा आणि गरम पाण्याचा शॉवर थोडा वेळ सोडावा. बारीक चुण्या त्या वाफेत सुटतात. केबिनचे कपाट अरुंद आणि हँगर मोजके असतात, म्हणून चार-पाच पातळ हँगर सोबत न्यावेत. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी पत्र्याच्या असल्याने चुंबकाच्या हुकांना ओला स्टोल किंवा दुसऱ्या दिवशीचा शर्ट टांगता येतो.

पहिल्या संध्याकाळचे कपडे हातातल्या बॅगेतच ठेवावेत. बंदरावर सोपवलेले मोठे सामान केबिनच्या दारात दुपारी किंवा थेट संध्याकाळी येते, आणि पहिली पंगत त्याआधी बसू शकते. विमानाने बंदर गाठणाऱ्यांनी याच बॅगेत फॉर्मल रात्रीचा निदान एक शर्ट किंवा ड्रेस ठेवावा. सामान विमानतळावर मागे राहिले तरी मग अगदीच पंचाईत होत नाही.

मुलांच्या बाबतीत बहुतेक जहाजे हात सैल सोडतात: कॉलरचा शर्ट आणि लांब पँट, किंवा साधा फ्रॉक पुरतो. मोठ्यांपैकी कोणाला सजण्याची हौसच नसेल तर त्यानेही खिन्न होऊ नये, कारण बुफे आणि केबिनमध्ये मागवलेले जेवण यांना फॉर्मल रात्रीचा नियम सहसा लागू होत नाही. क्वीन मेरी २ वरसुद्धा किंग्ज कोर्ट या बुफेत त्या रात्री टायशिवाय जेवता येते. सजणाऱ्यांनी मात्र जेवणाच्या वेळेआधी अर्धा तास खाली उतरावे. जहाजाचे फोटोग्राफर पडदे लावून तेव्हाच उभे असतात, आणि जेवणानंतर शर्टाची ताजी घडी उरलेली नसते.

शेवटच्या रात्रीची तयारी थोडक्यात आटोपते, पण तीच चुकते. मोठे सामान रात्री जेवणानंतर केबिनबाहेर ठेवायचे असते आणि ते थेट बंदरावर भेटते. म्हणून त्या रात्री जेवायला जाण्यापूर्वीच दुसऱ्या सकाळचे संपूर्ण कपडे, आतल्या कपड्यांसह, आणि बुटांचा एक जोड बाजूला काढून हातातल्या बॅगेत ठेवावा. उत्साहाच्या भरात सगळे बांधून टाकणाऱ्याला सकाळी रात्रपोशाखात आणि स्लिपरमध्ये बंदरावर उतरावे लागते. जेवणाला घातलेले कपडे परतल्यावर त्याच बॅगेत जातील एवढी जागा मोकळी ठेवावी.