चिखल उतरल्यावर: ऑफ-रोड एसयूव्ही वर्षानुवर्षं कशी टिकवावी

ऑफ-रोड गाड्या खडकावर आपटून क्वचितच निकामी होतात. बहुतेकींचा घात उभ्या उभ्या होतो. फेरी संपते, गाडी वरवर धुतली जाते, आणि खाली डिफरेन्शियलमध्ये (इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत) शिरलेलं थोडं पाणी, चासीच्या पोकळीत अडकलेला चिखल, एअर फिल्टरच्या कडेने आत गेलेली धूळ आपापलं काम सुरू करतात. त्याचं बिल दोन-तीन वर्षांनी येतं आणि तोवर ती फेरी कुणाच्या लक्षातही नसते. म्हणून सर्व्हिसिंगच्या तारखेइतकाच हाही प्रश्न महत्त्वाचा: गेल्या फेरीत गाडीने काय काय सोसलं?

आधी वेळापत्रक बदला

गाडीच्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगचे दोन तक्ते असतात. पहिला साध्या वापराचा, दुसरा खडतर वापराचा. हा दुसरा तक्ता बहुतेकजण उघडतच नाहीत. धूळ, पाणी, मागे ओढलेला ट्रेलर, सततच्या छोट्या फेऱ्या हे सगळं खडतर वापरातच मोडतं आणि तिथे ऑइल बदलण्याचं अंतर बरंच कमी असतं. तोच तक्ता आपला समजा.

शिवाय किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नका. लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेग पण जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये, दहा किलोमीटर चढायला तीन तास लागू शकतात. मीटरवर दहाच वाढतात, पण इंजिन तीन तास राबलेलं असतं. मी गाडीत एक वही ठेवतो: तारीख, लो रेंजचे तास, पाणी किती खोल होतं, कुठे खाली घासलं. कुठलं ऑइल कधी बदलायचं हे त्या वहीवरून ठरतं.

परतलात त्याच दिवशी: खालून धुणं

बॉडी नंतर धुतली तरी चालते, खालची बाजू आधी. साध्या पाइपने, बेताच्या दाबाने, पण भरपूर वेळ. चासीच्या लांब नळ्यांना पाणी निघून जायला भोकं असतात. ती चिखलाने बुजली की आत ओल कोंडते आणि लोखंड आतून गंजत जातं. बाहेरून रंग मात्र शाबूत दिसतो. टिकाऊपणासाठी नावाजलेल्या टोयोटालाही २०१६ मध्ये अमेरिकेत टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया या गाड्यांच्या चासी गंजल्याच्या दाव्यात समझोता करावा लागला होता. भोकात पाइप घालून स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत धुवा. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून गाडी गेली असेल तर हे काम दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

खालची संरक्षक पत्रं वर्षातून एकदा तरी उतरवा. त्यांच्यावर चिखल, खडे आणि सुकं गवत साठतं. यातलं गवत सर्वांत वाईट, कारण ते तापलेल्या एक्झॉस्टला टेकून पेट घेऊ शकतं. जेट वॉश वापरत असाल तर त्याचं तोंड रेडिएटरची जाळी, चाकांच्या हबची सीलं आणि वायरींचे जोड यांच्यापासून लांब ठेवा. चिखलाने केलं नसेल ते नुकसान जेट वॉश पाच मिनिटांत करतो.

पाण्यातून गेला असाल तर

इथे घाई नको.

डिफरेन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद पोचवणारी पेटी) चालता चालता तापतात. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ते काहीतरी हवाच असावं म्हणून ब्रीदरची बारीक नळी वरच्या बाजूला नेलेली असते. ती चिखलाने तुंबली तर ओढ सीलवर येते आणि हवेऐवजी पाणी आत जातं. पुष्कळ नव्या एसयूव्हींच्या जाहिरातीत पाण्याच्या खोलीचा आकडा झळकतो. एअर सस्पेन्शनवाल्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर उभ्या असलेल्या, लँड रोव्हर डिफेंडरसाठी तो ९०० मिलिमीटर आहे. पण चाकांचे हब आणि डिफरेन्शियल त्याच्या निम्म्या खोलीतच पाण्याखाली जातात. गाडी सुखरूप पलीकडे गेली म्हणजे तिची ऑइलही सुखरूप राहिली असं होत नाही.

तपासणी अशी करा. गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसतं. सकाळी आधी वरचा, म्हणजे ऑइल भरायचा प्लग सैल होतोय ना ते पाहा. तो जाम असेल आणि खालचा प्लग तुम्ही आधीच उघडलात, तर रिकामं डिफरेन्शियल घेऊन बसावं लागेल. मग खालचा प्लग अगदी थोडा सैल करा. पहिले थेंब पाण्याचे आले, किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर ते सगळं बदला. दुधाळ ऑइल ‘चालवून पाहू’ म्हणण्यासारखं नसतं, कारण बेअरिंगवर त्याचा थर नीट टिकत नाही. प्लगच्या लोहचुंबकावर करड्या रंगाचा बारीक लगदा दिसला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे तुकडे मिळाले तर मात्र डिफरेन्शियल उघडावंच लागेल.

माझ्या पहिल्या गाडीत मी हे केलं नव्हतं. गुडघाभर पाणी होतं, त्याने काय होणार, असं वाटलं. पुढच्या सर्व्हिसिंगला मागच्या एक्सलमधून जे बाहेर आलं त्याला ऑइल म्हणवत नव्हतं.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका, एकदाही नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, त्याऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा आणि एअर फिल्टरला हात लावून बघा. तो ओला असेल तर स्पार्क प्लग, किंवा डिझेल इंजिनात ग्लो प्लग, काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

‘आयुष्यभराचं’ ऑइल आणि चारही चाकं

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल कधीच बदलावं लागत नाही, असं काही गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आठ गिअरचा गिअरबॉक्स कित्येक कंपन्यांना पुरवणारी झेडएफ मात्र साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान ते बदलायला सांगते. वाळूत आणि चढावर राबणाऱ्या गाडीसाठी मी यातला खालचा आकडा धरतो. पातळी ठरावीक तापमानालाच मोजायची असते, म्हणून हे काम सवयीच्या हातांकडेच द्या.

गरजेपुरती चार चाकं जोडायची सोय असेल तर महिन्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर त्यावर चालवा, म्हणजे पुढच्या भागात ऑइल फिरतं आणि जोडणी जाम होत नाही. हे ओल्या किंवा भुसभुशीत रस्त्यावरच करा. पुढच्या-मागच्या एक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं सेंटर डिफरेन्शियल नसेल तर कोरड्या डांबरावर वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही आणि सगळा पीळ ट्रान्सफर केसवर येतो.

गाडी कायम चारही चाकांवर चालणारी असेल तर टायरची झीज सारखी राहायला हवी. दोन नवे, दोन झिजलेले अशी मोट बांधू नका. स्टेपनीही फिरवण्यात घ्या, पाच टायर दर आठ-दहा हजार किलोमीटरला.

डिझेल असेल तर

आधुनिक डिझेल गाड्यांना डोंगरापेक्षा जवळच्या छोट्या फेऱ्या जास्त मारक ठरतात. एक्झॉस्टमधला डीपीएफ हा फिल्टर काजळी अडवतो आणि ती जाळून टाकायला त्याला साधारण ६०० अंश सेल्सियसची उष्णता लागते. दहा मिनिटांच्या फेरीत ती मिळत नाही. काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं; अर्धवट राहिलेल्या अशा प्रयत्नांतलं डिझेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरत जातं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढलेली* दिसली तर आनंद मानू नका, ऑइल पातळ झालंय. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवा, आणि ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या कमी राखेच्या दर्जाचंच घाला. काही नव्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. चुकीच्या ऑइलने त्याचं रबर सुटतं आणि ऑइल पंपाची जाळी तुंबवतं. तुमच्या इंजिनात तसा बेल्ट आहे का, हे आजच बघून घ्या.

एअर फिल्टरबद्दल थोडक्यात: हवा मारून साफ करण्यापेक्षा नवा टाका, आणि झाकणाची कड नीट बसली आहे याची खात्री करा. बारीक वाळू सिलिंडरला ओरखडे पाडते.

दिवे एकदम लागले तर

डॅशबोर्डवर चार-पाच इशारे एकाच वेळी आले की लोक महागड्या कंट्रोलरचं नाव घेतात. मी आधी बॅटरी बघतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे बॅटरी अर्धी रिकामी, आणि कमी व्होल्टेजवर ही कॉम्प्युटरं भलतंसलतं बोलतात. त्यानंतर चासीला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरी तपासा.

एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि उतारावरची मदत हे सगळं एकदम गेलं असेल तर बहुधा चाकाजवळचा वेगाचा सेन्सर चिखलाने माखलाय किंवा त्याची वायर तुटलीय. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर जवळ ठेवा आणि कोड पुसण्याआधी वहीत लिहून घ्या. पुसलेला कोड म्हणजे हरवलेला पुरावा.

कान आणि हात

सस्पेन्शनचं बरंचसं काम ऐकूनच कळतं. हळू गाडी खड्ड्यात उतरवताना टकटक आली तर बुश किंवा बॉल जॉइंट. वेग धरताना खालून ‘टक्’ झालं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. ग्रीसचे निपल असतील तर पाण्यातून आल्यावर नवं ग्रीस भरून जुनं बाहेर ढकला. एक्सलचे रबरी बूट हाताने दाबून चिरा बघा. फाटलेला बूट लगेच बदलला तर काम स्वस्तात सुटतं, महिनाभर थांबलात तर आतला सांधाही जातो.

एअर सस्पेन्शनची गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली तर ती गळती आहे. गळती तशीच ठेवली तर कॉम्प्रेसर सतत चालून जळतो, म्हणजे एका रबरी फुग्यापायी दोन भाग बदलावे लागतात.

उंची वाढवण्याची आणि मोठ्या टायरची हौस असेल तर हात राखून करा. प्रत्येक वाढीव इंचाने एक्सलचे कोन, बेअरिंग आणि ब्रेक यांच्यावर भार वाढतो, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात लांब टिकलेल्या गाड्या जवळजवळ मूळ रूपातल्याच आहेत.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदला. कूलंट रंग पाहून मिसळू नका, कारण रंगाला ठरलेला असा काही नियम नाही. आणि कुठल्याही कामासाठी चाकं काढली असतील तर शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.