श्टुटगार्टमधला पहिला आठवडा: आधी पत्रपेटीवर नाव लावा

मी शिकायला जर्मनीत श्टुटगार्टला पोचले ती 2 ऑक्टोबर 2024 ची रात्र. दुसऱ्या दिवशी, 3 तारखेला, जर्मन एकीकरणाची सुट्टी, सगळी दुकानं बंद. आईनं बळंच कोंबलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नसती तर इचलकरंजीची पोरगी पहिल्याच दिवशी उपाशी झोपली असती. तर तिकीट काढताना 3 ऑक्टोबर आणि रविवार टाळा. नाहीच जमलं तर दोन दिवसांचं खाणं हाताशी असू द्या. तूप, पेढे मात्र घरीच ठेवा, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे.

खोलीची किल्ली मिळाली की बॅग उघडण्याआधी खाली जा आणि पत्रपेटीवर व बेलवर पासपोर्टातलं आडनाव चिकटवा. इथं पत्त्यात बहुधा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. आणि सगळं पोस्टानंच येतं: बँकेचं कार्ड, त्याचा पिन (वेगळ्या पाकिटात), विम्याचं कार्ड, कर क्रमांक. मी हौसेनं नुसतं पहिलं नाव लिहिलं होतं. कार्ड परत गेलं, दुसरं यायला बारा दिवस लागले. शिवाय आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव आपल्या नावाच्याच रकान्यात असतं, त्यामुळं इथं तेही आपलंच समजतात. मला एक पत्र चक्क बाबांच्या नावानं, 'श्रीयुत' लावून आलं. आडनाव लावलं की हा घोळ निदान पेटीपाशी तरी होत नाही.

मग कागद. इथं एक कागद दुसऱ्याच्या शेपटीला बांधलेला असतो, म्हणून क्रम सोडू नका. पहिला कागद घरमालकाचा, 'ही माझ्याकडे राहते' असं सांगणारा. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. बोलायच्या भानगडीत पडू नका, लिहून दाखवा. तो घेऊन ब्युर्गरब्युरोत, म्हणजे नागरिकांसाठीच्या सरकारी कचेरीत, आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, करायची. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांची मुदत असते. अपॉइंटमेंट भारतात असतानाच शोधायला लागा, ऑक्टोबरात सगळे विद्यार्थी एकदमच येतात. नोंदीचा कागद हातात असला की बँकेत खातं उघडणं सोपं जातं, आणि खातं झाल्यावरच ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आपणच आधी भरून ठेवलेले, महिन्याचे पैसे (2024 मध्ये 992 युरो) मिळायला लागतात. तोवर आपल्याच खिशातून. मी 300 युरो रोख आणले होते, नवव्या दिवशी मैत्रिणीकडं हात पसरावा लागला. दीड महिन्याचं भाडं आणि खर्च परदेशात चालणाऱ्या कार्डावर ठेवूनच निघा. व्हिसा काही महिन्यांचाच असतो, तेव्हा राहण्याच्या परवान्याचा अर्जही याच आठवड्यात मार्गी लावा.

आता केअरवोखे. हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझ्या दाराला एक पाटी लटकलेली दिसली. चुकून लावली असेल म्हणून मी ती शेजारच्या दाराला अडकवली. तासाभरात शेजारच्या आजींनी ती परत माझ्या दाराला आणून लावली, एक शब्दही न बोलता. पाटी म्हणजे या आठवड्यात जिना झाडून-पुसून घ्यायची पाळी तुमची. हाच केअरवोखे, श्वाबी म्हणजे या भागातल्या लोकांचा जुना रिवाज, आणि पाळी चुकवलेली लोकांच्या लक्षात राहते. मी फडकं घेऊन कठडासुद्धा पुसला. तेव्हापासून आजी 'ग्र्यूस गॉट' (इथला नमस्कार) म्हणतात.

फोडणी खिडकी उघडून आणि खोलीचं दार लावून करा. छतावरच्या धूर ओळखणाऱ्या डबीला मोहरी आणि आग यातला फरक कळत नाही. मिक्सर रात्री दहानंतर नको, रविवारी तर नकोच. हीटरचा आकडा 3 वर ठेवला तर साधारण 20 अंश मिळतात. 5 वर केल्यानं खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते.

घड्याळाचंही लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते एक तास मागं जातं, आणि भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. मी नेहमीसारखा संध्याकाळी सातला फोन लावला. तिकडं साडेअकरा. बाबांनी उचलला आणि म्हणाले, "जेवलीस न्हवं? मग झोपू दे की आता."