मेंब्रेनचा डायग्राम पाठ आहे? तरी या चुका टाळा

पेशीपटल म्हणजे मेंब्रेनचा चॅप्टर पोरांना सोपा वाटतो, एकच तर डायग्राम आहे म्हणतात, पण पेपर तपासताना दरवर्षी बघतो की मार्क नेमके इथेच जातात आणि तेही त्या डायग्राममुळेच, कारण कागदावर सगळं जागच्या जागी थांबलेलं दिसतं आणि डोक्यात बसतं की मेंब्रेन म्हणजे भिंत आणि प्रोटीन म्हणजे तिच्यातल्या विटा. सगळ्यात मोठी चूक हीच.

सिंगर आणि निकोल्सन यांचं १९७२ चं फ्लुइड मोझॅइक मॉडेल (लिपिड म्हणजे चरबीसारख्या रेणूंचे दोन थर, त्यांत मोझॅइकसारखी जडवलेली प्रोटीन, आणि सगळं फ्लुइड म्हणजे प्रवाही) सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण उत्तरात मोझॅइकवर दहा ओळी आणि फ्लुइडवर एकही नाही. त्यापेक्षा १९७० चा फ्राय आणि एडिडिन यांचा प्रयोग लक्षात ठेवा, मला तो फार आवडतो. त्यांनी उंदराची पेशी आणि माणसाची पेशी एकमेकींत मिसळून एकच पेशी केली, एकीची प्रोटीन हिरवी चमकतील आणि दुसरीची लाल अशा अँटिबॉडी (ठराविक प्रोटीनलाच चिकटणारे रेणू) लावल्या. आधी अर्धी बाजू हिरवी, अर्धी लाल. ३७ अंशाला साधारण ४० मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे पसरले! १५ अंशाच्या खाली मात्र जवळपास मिसळलेच नाहीत, थंडीत तूप थिजतं ना, तसंच काहीसं.

आता फ्लुइड म्हटलं की काहीजण दुसऱ्या टोकाला जातात, काहीही कुठेही फिरतं असं लिहितात. तसं नाही. लिपिड आपल्या थरात आडवं भराभर सरकतं, पण या थरातून त्या थरात आपोआप क्वचितच उलटतं, कारण त्याचं पाण्याची आवड असलेलं डोकं मधल्या तेलकट भागातून जायला हवं. प्रोटीन तर उलटतच नाही. म्हणून साखरेच्या साखळ्या कायम पेशीच्या बाहेरच्या बाजूला असतात, आतल्या बाजूला काढल्या की डायग्राम चुकला.

इंटिग्रल (मेंब्रेनमध्ये रुतलेलं) आणि पेरिफेरल (नुसतं पृष्ठभागाला चिकटलेलं) प्रोटीन यांतही घोळ असतो. पेरिफेरल म्हणजे पेशीच्या बाहेरचं असं बरेचजण धरून चालतात, पण लाल रक्तपेशीतलं स्पेक्ट्रिन आतल्या बाजूला असूनही पेरिफेरलच आहे. हे प्रोटीन काढायला काय लागेल हा प्रश्न विचारा, मिठाचं द्रावण किंवा पीएच बदलून सुटलं तर पेरिफेरल, डिटर्जंट घालून मेंब्रेनच फोडावं लागलं तर इंटिग्रल. इंटिग्रल प्रोटीनच्या मेंब्रेनमधून आरपार जाणाऱ्या हेलिक्समध्ये (स्प्रिंगसारख्या गुंडाळीत) साधारण २० अमिनो आम्लं असतात, ग्लायकोफोरिन हे प्रोटीन एकदाच आरपार जातं, बॅक्टेरियोरोडॉप्सिन ७ वेळा.

मेंब्रेनमध्ये ५२ टक्के प्रोटीन, ४० टक्के लिपिड हा आकडा माणसाच्या लाल रक्तपेशीचा आहे, सगळ्या मेंब्रेनचा नाही. मज्जातंतूंवरच्या मायलिन आवरणात प्रोटीन २० टक्क्यांच्या आसपास, मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात ७५ च्या आसपास. आणि हे सगळं वजनाने हं! संख्या मोजली तर निम्मं वजन प्रोटीनचं असलेल्या मेंब्रेनमध्ये एका प्रोटीनमागे साधारण ५० लिपिड येतात, कारण प्रोटीनचा रेणू फार मोठा असतो.

एमएस्सीवाल्यांसाठी एक सांगतो. प्रोटीन आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर मेंब्रेन प्रोटीनचा बँड (पट्टा) दिसत नाही आणि वर वेलपाशीच (सॅम्पल ओततो त्या खाचेपाशी) काहीतरी अडकून बसलंय असं झालं की लगेच बँड दाखवणाऱ्या अँटिबॉडीला दोष देऊ नका, आधी सॅम्पल उकळलं होतं का ते आठवा. साध्या प्रोटीनला ९५ अंश चालतं, पण बऱ्याच वेळा आरपार जाणारं प्रोटीन तेवढं तापवलं की त्याचे तेलकट भाग एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि तो जेलमध्ये शिरतच नाही. माझे यात दोन आठवडे गेले होते, शेवटी सॅम्पल न उकळता ३७ अंशाला अर्धा तास ठेवलं आणि बँड खाली नीट उतरला.