गल्लीचं काम पालिकेच्या सभेत मंजूर होण्याआधी त्याचं अंदाजपत्रक कसं तपासावं

गल्लीच्या तोंडाशी खडीचा डंपर रिकामा झाला की लोक जागे होतात आणि अर्ज घेऊन पालिकेत धावतात. तोवर निविदा उघडलेली असते, मक्तेदाराच्या हातात कार्यादेश असतो, आणि अंदाजपत्रकातला एक आकडाही बदलायला कुणी तयार होत नाही. कामात बदल करून घ्यायचा असेल तर तो निविदा निघण्याआधी. त्यासाठी सभेची विषयपत्रिका हाती आल्यापासून सभा होईपर्यंतचे दिवस सगळ्यांत मोलाचे असतात. मी आमच्या तापीकाठच्या गावात हे काम गेली कित्येक वर्षं करतो आहे. त्या अनुभवावरूनच पुढचं लिहितो.

आधी दोन सल्ले बाजूला ठेवा. पहिला, "माहिती अधिकार टाका." माहिती अधिकार उत्तम हत्यार आहे, पण उत्तराची मुदत ३० दिवसांची आणि सभा आठवड्यावर आलेली. तो नंतर लागतो. दुसरा, "शंभर सह्या गोळा करा." शंभरातले नव्वद जण त्या गल्लीत राहत नाहीत हे अभियंत्याला पहिल्या पानावरच कळतं. ज्या सहा घरांसमोरून रस्ता जाणार आहे त्यांच्या सह्या आणि मापं पुरतात.

विषयपत्रिका

नगरपरिषद अधिनियम १९६५ नुसार साधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी निघावी लागते. नोटीस फलकावर पाहा, नाहीतर नगरसेवकाकडून मागून घ्या आणि प्रत्येक पानाचा फोटो काढा. जळगाव आणि धुळे इथे २००३ पासून महापालिका आहे. तिथे विषयपत्रिका नगरसचिवांच्या कार्यालयातून निघते आणि मुख्याधिकाऱ्यांच्या जागी आयुक्त असतात. मापं आणि पत्राची रीत तिथेही हीच.

शेवटचं पान न वाचता ठेवू नका. "आयत्या वेळचे विषय" ही ओळ तिथेच असते, आणि आपल्या गल्लीचं काम तिच्यातून येणार आहे का हे नगरसेवकाला आदल्या दिवशी स्पष्ट विचारा.

विषय साधारण असा लिहिलेला असतो: "प्रभाग क्र. ८ मध्ये मारुती मंदिर ते दूध डेअरीपर्यंत रस्ता काँक्रीटीकरण करणे व गटार बांधणे, अंदाजपत्रकास मंजुरी देणे." यात लांबी नाही, जाडी नाही, पाणी कुठे जाणार ते नाही. ते सगळं अंदाजपत्रकात असतं.

अंदाजपत्रक पाहायला मिळवणं

सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जा. जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये सोमवारी या दोन तासांत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असं शासनानं नोव्हेंबर २०१८ मध्ये कळवलेलं आहे. बांधकाम विभागात नम्रपणे, पण नाव घेऊन मागा: मोजमाप तक्ता, आडव्या छेदाचं रेखाचित्र, दरांचा गोषवारा. नुसतं "फाईल दाखवा" म्हणाल तर जाड फाईल समोर येईल आणि पाच वाजतील. कुणी नाही म्हटलं तर तिथेच साध्या कागदावर मागणी लिहून आवक-जावक टेबलावर पोच घ्या. पोच मागितली की बहुतेक वेळा फाईल निघते.

खरी अडचण: पातळी

मी इथेच फसलो होतो. बाकी पायऱ्या कुणालाही जमतात, पण ही पायरी चुकली की तुमचं घर दर पावसाळ्यात किंमत मोजतं.

आमच्या गल्लीत पहिल्यांदा काँक्रीट होणार होतं तेव्हा मी दोन पानी अर्ज दिला होता. "काम दर्जेदार व्हावे, निकृष्ट साहित्य वापरू नये, सखोल चौकशी व्हावी." अर्जावर शिक्का बसला आणि तो फाईलला लागला. काम दर्जेदारच झालं. सिमेंट चांगलं, खडी चांगली, पृष्ठभाग एकसारखा. जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसात शेजारच्या आक्कांच्या उंबऱ्यावरून पाणी आत गेलं. भिंतीला लावून ठेवलेलं दादरचं (रब्बी ज्वारीचं) पोतं खालून वीतभर भिजलं, आणि आक्का पाटाने पाणी बाहेर लोटत होत्या, तर ते पुन्हा आत येत होतं, कारण रस्ता त्यांच्या ओट्यापेक्षा उंच झाला होता. मी अर्जात साहित्याबद्दल लिहिलं होतं, उंचीबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं. नवा रस्ता जुन्याच्या उरावर चढणार आहे, हे अंदाजपत्रकात उघड दिसत होतं. मला ते वाचता येत नव्हतं.

आता ते कसं वाचायचं ते सांगतो. मोजमाप तक्त्यात प्रत्येक आयटमपुढे संख्या, लांबी, रुंदी, जाडी आणि परिमाण असे रकाने असतात. तुमच्या रस्त्याचे सगळे थर शोधा आणि फक्त जाडीचा रकाना वहीत उतरवा. समजा खडी-मुरुमाचा थर १० सेंमी, त्यावर साधं काँक्रीट १० सेंमी, वरचं काँक्रीट १५ सेंमी. बेरीज ३५. आता खोदकामाचा आयटम शोधा. तो नसेल, किंवा ५ सेंमी "साफसफाई"पुरता असेल, तर रस्ता जवळपास पूर्ण ३५ सेंमी वर येणार. तुमचा ओटा आजच्या रस्त्यापासून २२ सेंमी उंच असेल तर काम झाल्यावर रस्ता ओट्याच्या १३ सेंमी वर असेल. एवढं एक गणित सभेआधी मांडलं तर अभियंत्याला उत्तर द्यावंच लागतं.

ओट्याची उंची डोळ्यांनी ठरवू नका. डोळा उतारावर हमखास फसतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी १५ मीटर आणा, पाणी भरा, बुडबुडा एकही ठेवू नका. माणसं दोन लागतात. सकाळी लवकर करा, उन्हात तापलेल्या नळीत बुडबुडे सुटतात. एका टोकाचं पाणी भिंतीवरच्या खुणेशी स्थिर झालं की दुसऱ्या टोकाला त्याच पातळीवर खूण करा. अशी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच पातळीची खूण न्या. मग प्रत्येक घरासमोर त्या खुणेपासून खाली तीन मापं घ्या: ओट्यापर्यंत, रस्त्यापर्यंत, गटाराच्या तळापर्यंत. खुणा खडूने केल्या असतील तर त्याच दिवशी त्यांवर ऑइल पेंट लावा. पाच मिनिटांच्या या कामाने पुढे फार मोठा उपयोग होतो.

गटाराच्या तळाची मापं एका ओळीत मांडा. शेवटच्या टोकाला तळ पहिल्यापेक्षा खाली हवा, मध्ये कुठे उंचवटा नको, आणि शेवटचं टोक कशाला तरी जोडलेलं हवं: रस्त्याखालच्या मोरीला, नाल्याला, मोठ्या गटाराला. ज्या म्हाताऱ्या गवंड्याने मला नळी धरायला शिकवलं, तो प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणायचा, "पानी कथा जाई ते पहिले देख, भाऊ." म्हणजे पाणी कुठे जाईल ते आधी बघ. माझं मत ठाम आहे. शेवट नसलेल्या गटाराचं अंदाजपत्रक दुरुस्त करा असं म्हणू नका, ते परत पाठवा असंच म्हणा. असं गटार म्हणजे डासांचं लांबलचक टाकं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे पाहावीच लागते, ती म्हणजे काळी माती. तापी-गिरणेच्या पट्ट्यातली ही कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर थेट बांधलेली गटाराची भिंत दोन-तीन वर्षांत कलते आणि काँक्रीटला आडवे तडे जातात. म्हणून खोदकाम मागताना त्याच वाक्यात काळी माती काढून कठीण मुरुमाचा भराव आणि दबाई मागा. नुसतं खोदकाम मागितलंत तर खड्डा होईल आणि तीच माती परत आत जाईल.

लांबीही टेपने मोजा. तक्त्यात १२० मीटर असेल आणि गल्ली ९८ भरली, तर ३.५ मीटर रुंदी आणि १५ सेंमी जाडीच्या हिशेबाने ६३ ऐवजी ५१.४५ घनमीटर काँक्रीट लागतं. फरक ११.५५ घनमीटरचा. त्यावर आरोप करू नका. कधी कधी मागच्या बोळाची लांबी त्यात धरलेली असते. फक्त विचारा: उरलेले २२ मीटर कुठले?

हरकतीचं पत्र

एकच पान. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, प्रत नगराध्यक्षांना, नगर अभियंत्यांना आणि प्रभागातल्या नगरसेवकांना. विषय क्रमांक, सभेची तारीख, मग थेट मुद्दा:

"विषय क्र. १४ च्या अंदाजपत्रकात थरांची एकूण जाडी ३५ सेंमी असून खोदकाम धरलेले नाही. सोबतच्या मापांनुसार ६ घरांचे ओटे सध्याच्या रस्त्यापासून १८ ते २६ सेंमी उंच आहेत. तरी रस्त्याची सध्याची पातळी कायम राहील इतके खोदकाम, काळी माती काढणे व कठीण मुरुमाचा भराव अंदाजपत्रकात घेऊनच मंजुरी द्यावी."

"निकृष्ट", "भ्रष्टाचार", "सखोल चौकशी" हे शब्द लिहू नका. काम सुरूच झालेलं नाही, निकृष्ट काय म्हणणार? मापांचा कागद जोडा, पोच घ्या.

सभा एरवी लोकांना खुली असते, पण तुम्हाला तिथे बोलता येत नाही. म्हणून नगरसेवकाच्या हातात तीन ओळींची चिठ्ठी द्या: एकूण थर ३५, खोदकाम शून्य, ओटे १८ ते २६. पूर्ण पत्र सभेत कुणी वाचत नाही, तीन आकडे मात्र सभागृहात मोठ्याने वाचले जातात.

ठरावानंतर

इतिवृत्ताची प्रत मागा. मिळाली नाही तर आता माहिती अधिकार: १० रुपयांचं शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. हरकत डावलून लोकांचं नुकसान करणारा ठराव झाला असेल तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी स्थगित करू शकतात. तिथेही तेच पान आणि तीच मापं लावा, नवं काही लिहू नका.

विषय रस्त्याचा नसून विकास आराखड्यातलं आरक्षण बदलण्याचा असेल, म्हणजे बगीच्याच्या किंवा शाळेच्या जागेवर दुसरं काही आणायचं असेल, तर रस्ता वेगळा आहे. प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. ती मुदत चुकवू नका.

काम सुरू झाल्यावर दोन गोष्टी. मार्च-एप्रिलमध्ये काँक्रीट पडत असेल तर त्याला किमान १४ दिवस पाणी कोण देणार आणि कुठून, हे आधीच लेखी विचारून ठेवा. नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ४४ अंशांच्या उन्हात काँक्रीटवर पसरलेली ओली पोती दुपारपर्यंत कोरडी होतात आणि टँकरची सोय ऐनवेळी होत नाही. दुसरं, अंतिम देयक निघण्याआधी कनिष्ठ अभियंत्यांना गल्लीत बोलवा, ऑइल पेंटच्या खुणेला टेपचं टोक लावा आणि नव्या रस्त्यापर्यंतचं माप त्यांच्यासमोर वहीत लिहा. आकडा जुन्या मापाएवढा हवा. कमी भरला तर तो तिथेच, मोजमाप पुस्तिकेवर सही होण्याआधी, त्यांना दाखवा.