आठवणीतली मालिका आणि चित्रपट इंटरनेटवर कसे शोधावेत

जुनी मालिका शोधायला बसणारा माणूस सहसा तिच्या नावापासून सुरुवात करतो आणि तेथेच घोटाळा होतो, कारण इतक्या वर्षांनंतर लक्षात राहिलेली असतात ती माणसे. दूरदर्शनवर 'चिमणराव' पाहिलेल्या पिढीला दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे लख्ख आठवतात. मालिकेचे नाव मात्र कोणी 'चिमणराव-गुंड्याभाऊ' सांगतो, तर कोणी आणखी काही. म्हणून आधी घरातल्या थोरांना बोलते करावे आणि कलाकार, पात्रे, वाहिनी व साधारण साल कागदावर उतरवून घ्यावे. 'मी चौथीत होते, तेव्हा रविवारी सकाळी लागायची' एवढ्यावरूनही साल काढता येते.

यूट्यूबवर कलाकाराचे नाव आणि पात्राचे नाव अशी जोडी करून शोधावे. एकदा देवनागरीत, एकदा रोमन लिपीत, आणि रोमनमध्ये स्पेलिंग बदलून पुन्हा. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक घरांत आजी-आजोबांच्या आठवणी तेलुगू चित्रपटांच्याही असतात. ती नावे मराठी वळणाने लिहिली तर फारसे काही हाती लागत नाही. त्यापेक्षा मोबाइलच्या कीबोर्डमध्ये तेलुगू भाषा जोडून माइकचे बटण दाबावे आणि नाव आजीलाच उच्चारू द्यावे. निकाल आले की फिल्टरमधून वीस मिनिटांपेक्षा मोठे व्हिडिओ निवडावेत, म्हणजे दोन-दोन मिनिटांचे तुकडे बाजूला पडतात. केवळ शीर्षकगीताची चाल आठवत असेल, तर गूगलच्या अ‍ॅपमध्ये माइकवरून गाणे शोधण्याची सोय आहे. दहा-पंधरा सेकंद गुणगुणले तरी पुरते, सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो.

दूरदर्शन व आकाशवाणीच्या साहित्यासाठी प्रसार भारती अर्काइव्ह्जची यूट्यूब वाहिनी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेले 'वेव्हज' हे अ‍ॅप आधी पाहावे. तेथेही सर्व काही मिळेल, अशी आशा धरू नये. त्या काळी टेप महाग असत आणि त्यांवरच नवे कार्यक्रम मुद्रित केले जात, त्यामुळे कित्येक भाग कायमचे पुसले गेले आहेत.

चित्रपटांच्या बाबतीत साल कळणे फार उपयोगाचे ठरते. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर व्ही. शांताराम यांनी काढलेला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट १९४६ सालचा आहे. म्हणजे त्याचा हक्क २००६ च्या अखेरीस संपला. असे चित्रपट इंटरनेट अर्काइव्हसारख्या संकेतस्थळावरही शोधून पाहावेत. याच चित्रपटाची इंग्रजी आवृत्तीही निघाली होती, त्यामुळे शोधताना पूर्ण हिंदी नाव लिहावे आणि व्हिडिओ उघडल्यावर भाषा तपासून घ्यावी.

सापडलेला व्हिडिओ खरोखर तोच आहे का, हे शीर्षकावरून ठरवू नये, कारण शीर्षके अपलोड करणाऱ्यांनी मनाने दिलेली असतात. सुरुवातीची श्रेयनामावली थांबवून वाचावी. तीत दिग्दर्शक आणि संगीतकार यांची नावे मिळतात आणि तीच पुढच्या शोधाचे शब्द होतात. बाकीचे भाग बहुधा याच वाटेने हाती लागतात. श्रेयनामावलीतली अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी असतील किंवा आवाज नेहमीपेक्षा पातळ व घाईचा वाटत असेल, तर तो व्हिडिओ स्वामित्वहक्काची स्वयंचलित तपासणी चुकवण्यासाठी फिरवलेला आहे असे समजावे. असे व्हिडिओ एके दिवशी अचानक काढून टाकले जातात आणि जतन केलेल्या यादीत 'हटवलेला व्हिडिओ' एवढेच उरते, म्हणून त्याचे नाव, वर्ष आणि भागाचा क्रमांक आपल्या वहीत स्वतंत्रपणे लिहून ठेवावा.